एकोणीस पावलं

कर्नल यशवर्धन महाडिकांना डॉ. केतकी सोनवलकरनं दुसऱ्यांदा चालायला शिकवलं, त्याला सात वर्षं झाली होती. सीमेवरच्या एका चकमकीत त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. खडकीच्या ज्या प्रयोगशाळेत जखमी जवानांची चाल तपासून त्यांना कृत्रिम पाय बसवले जायचे, तिथं केतकी प्रमुख होती. चार महिने ती रोज सकाळी त्यांच्या मागे चालली. "सर, डावा खांदा पाडू नका," एवढं एकच वाक्य तिनं हजार वेळा म्हटलं असेल. शेवटच्या दिवशी महाडिक जिना उतरून खाली अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, आता बघा. कुठला पाय खोटा ते मागून कळतंय का?"

तिला कळत होतं. पण ती नाही म्हणाली.

सात वर्षांनी ते परत आले तेव्हा मात्र स्वतःच्या पायासाठी आले नव्हते. खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं, "माणूस बंदूक घेऊन चाललाय, हे नुसत्या चालीवरून सांगता येईल?"

"बंदूक दिसत नसताना?"

"घोंगडीखाली लपवलेली. आणि बघणारा तीन किलोमीटर उंचीवर."

केतकीनं थोडा विचार केला. "येईल," ती म्हणाली.

तिला हे ठाऊक होतं, कारण वीस वर्षं ती दुसरं काही बघतच नव्हती. माणूस चालतो तेव्हा त्याचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं आणि मधे एक क्षण असा येतो की दोन्ही पाय जमिनीवर असतात. अंगावर ओझं आलं की हा क्षण लांबतो. ओझं एका खांद्यावर असेल तर त्या बाजूचा हात कमी झुलतो, विरुद्ध बाजूचा कमरेचा हिसका वाढतो. माणसाला स्वतःला यातलं काही जाणवत नाही. त्यामुळे त्याला ते लपवताही येत नाही.

उंचावरून फक्त डोकी आणि खांदे दिसतात, पण सकाळ-संध्याकाळी माणसाची सावली जमिनीवर लांब पडते आणि सावलीत हात, पाय, कंबर सगळं आडव्या चित्रासारखं उलगडतं. दुपारी सावली नसते, तेव्हा रडार उपयोगी पडतं. रेल्वेची शिट्टी गाडी जवळ येताना चढते आणि लांब जाताना उतरते, तसंच रडारच्या लहरींचं होतं. पुढे येणारा हात त्यांना किंचित चढवतो, मागे जाणारा उतरवतो. त्या चढउतारांची नोंद ठेवली की न दिसणारा हातही मोजता येतो.

महाडिकांना हे यंत्र का हवं होतं, ते तिनं विचारलं नाही. तिला ते माहीत होतं. पाय गेला त्या दिवशी समोरच्या उतारावर काही माणसं दिसत होती. ते गुराखी आहेत की हत्यारबंद, याची खात्री करायला महाडिकांनी माणसं पुढे पाठवली आणि स्वतः त्यांच्याबरोबर गेले. ते गुराखी नव्हते. चार जवान तिथंच राहिले.

यंत्राला 'चाहूल' हे नाव केतकीनंच दिलं. प्रयोगशाळेत चालून गेलेल्या बारा हजार माणसांच्या नोंदी तिनं त्याला शिकवल्या. दोन वर्षांत चाहूल ड्रोनवर चढलं. माणसाची एकोणीस पावलं त्याला पुरायची. सुमारे अकरा सेकंदांत ते सांगायचं, निःशस्त्र की शस्त्रधारी, आणि खात्री किती टक्के. प्रयोगशाळेत शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर यायची.

पुढची पायरी निर्णयाची होती. डोंगराळ दऱ्यांत शत्रू सगळ्यांत आधी रेडिओचा संपर्क तोडतो. मग वर फिरणाऱ्या ड्रोनला खालून हुकूम मिळत नाही. त्यानं रिकामं परत यावं, नाही तर स्वतःच ठरवावं. फौजेला दुसरी वाट हवी होती. खात्री नव्वद टक्क्यांच्या वर गेली आणि संपर्क तुटलेला असला, तर चाहूलनं थांबू नये.

केतकीला त्याचं फार काही वाटलं नव्हतं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. तिचं काम चालीचं होतं, बाकीचं पुढच्या लोकांचं.

फेब्रुवारीत ती वडिलांना भेटायला माण तालुक्यात गेली. तिचे वडील बिरूदेव आबा सत्तरीला आले तरी मेंढरांमागे होते. गावापासून दोन कोसांवर त्यांचा तळ होता. ती पोचली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि आबा समोरच्या टेकाडावरून उतरत होते. एका मेंढीच्या खुराला काटा लागला होता, तिला त्यांनी मानेवर आडवं घेतलं होतं. पुढचे दोन पाय एका हातात, मागचे दोन दुसऱ्यात, वरून घोंगडं. त्यांची सावली उतारभर पसरली होती.

ते चित्र छान दिसलं म्हणून केतकीनं मोबाईलवर टिपलं. चाहूलची छोटी आवृत्ती त्याच मोबाईलमध्ये होती. सहज म्हणून तिनं चित्रफीत तिच्यात टाकली.

शस्त्रधारी. चौऱ्याण्णव टक्के.

आबा जवळ आले, मेंढी खाली ठेवली. "काय गं, अशी काय बघतीयास?"

"काही नाही आबा. परत एकदा वरून चालत या."

"आता? ह्या मेंढीला घिऊन?"

"हो."

आबा कुरकुरले, पण मेंढी उचलून परत टेकाडावर गेले आणि उतरून आले. या वेळी शहाण्णव टक्के आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती महाडिकांच्या कचेरीत होती. त्यांनी दोन्ही चित्रफिती तीन-तीनदा पाहिल्या.

"मग मेंढी शिकवा त्याला," ते म्हणाले.

"मेंढी शिकवीन, सर. मग सरपण शिकवावं लागेल. मग पाण्याचे कॅन, मग विजेचा खांब, मग बैलगाडीचं जू. आपल्या नोंदीतली माणसं गुळगुळीत फरशीवर रिकाम्या हातानं चालली होती, नाही तर बंदूक घेऊन. म्हणून त्याला वाटतं जगात ओझं एकच असतं. माणसं काय काय उचलून चालतात, त्याची यादी मला कधी पुरी करता येणार नाही."

"शंभरात दोन चुका आधीपासून माहीत होत्या."

"त्या दोन कोण, ते माहीत नव्हतं."

महाडिक उठून खिडकीशी गेले. "डॉक्टर, माझी चार पोरं गेली, कारण मी खात्री करायला माणसं पाठवली. यंत्र असतं तर ती आज घरी असती. दरवर्षी त्या चार घरी मी जातो. तिथं मी काय सांगू, मेंढीमुळे थांबलो?"

केतकीनं पिशवीतून एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "दिल्लीची समिती चौदा तारखेला परीक्षा घ्यायला येतेय. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेला आपली वीस माणसं घालता येतात. मला घालायची आहेत."

"म्हणजे यंत्र नापास करायचंय तुम्हाला."

"मला बघायचंय."

अर्जावर त्यांची सही लागत होती. नकार दिला असता तर कुणी विचारलं नसतं. ब्रिगेडियरपदाच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि चाहूल त्यांच्याच नावानं ओळखलं जात होतं. त्यांनी कागद ओढून सही केली.

"नापास व्हायचं असेल तर माळावर होऊ दे," ते म्हणाले. "सीमेवर नको."

परीक्षा अहिल्यानगरजवळच्या माळरानावर झाली. समितीच्या अध्यक्षा लेफ्टनंट जनरल सुनंदा राठोड मूळच्या यवतमाळच्या, कमी बोलणाऱ्या. मंडपात मोठा पडदा लावला होता. ड्रोनला बाँबऐवजी नारिंगी भुकटीच्या पुड्या दिल्या होत्या आणि रेडिओचा संपर्क मुद्दाम तोडला होता. आता वर काय घडेल ते चाहूलच ठरवणार होतं.

आधी चाळीस जवान चालले. निम्म्यांच्या अंगावर घोंगडीखाली खोट्या रायफली. चाहूलनं वीसही हत्यारबंद अचूक निवडले, बाकीच्या विसांना हातही लावला नाही. मंडपात टाळ्या वाजल्या. मुख्य अभियंता सौमित्र बापटनं केतकीकडे बघून मान झुकवली. त्या क्षणी तिलाही अभिमान वाटला. ते तिचंही काम होतं.

मग तिची वीस माणसं निघाली. तळावरचे मेंढपाळ, मोळ्या घेतलेल्या बायका, कावडीला दुधाचे कॅन लावलेला एक गवळी. पुढे आबा, मानेवर मेंढी. त्यांच्या मागे केतकीची चुलती सखूबाई, खांद्यावर वाघरेचा गुंडाळा घेऊन. रात्री मेंढरांभोवती लावतात ती जाळी, खुंट्यांसकट चांगली वजनदार.

अकरा सेकंद गेले. पहिली पुडी आबांवर पडली. दुसरी सखूबाईवर. विसातल्या सहा जणांवर नारिंगी रंग उडाला.

आबा रंगलेल्या घोंगड्यानिशी मंडपाशी आले. "पोरी, ह्ये धुतल्यावर जातंय न्हवं? लोकरीला लागलंय समदं."

"जातं, आबा."

"पर ह्येचा अर्थ काय?"

"सीमेवर रंगाच्या जागी बाँब असणार, आबा."

आबांनी वर आभाळाकडे पाहिलं. ड्रोन दिसतही नव्हतं. "मला ऐकू बी आलं न्हाई," ते म्हणाले आणि मेंढी खाली ठेवून तिची लोकर झटकू लागले.

सौमित्र उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, दोन वर्षं त्यानंही घर पाहिलं नव्हतं. "मॅडम, विसात सहा. आणि हीसुद्धा निवडून आणलेली ओझी आहेत. यांच्याच नोंदी घालून तीन महिन्यांत आम्ही हे दुरुस्त करतो. तोपर्यंत रायफल ओळखण्यात यंत्र कुठंही चुकलेलं नाही."

जनरल राठोड महाडिकांकडे वळल्या. "कर्नल, प्रकल्प तुमचा आहे. तुमचं मत?"

महाडिक माळावर रंग पुसत बसलेल्या माणसांकडे पाहत होते. मग म्हणाले, "मॅडम, एक चाचणी राहिली. कागदावर नाही. परवानगी असेल तर आत्ता घेतो."

परवानगी मिळाली. महाडिक मंडपाबाहेर गेले. गाड्यांपाशी हवालदार भैरू पाटोळे उभा होता. त्या दिवशी माणसांच्या रांगा लावण्याचं काम त्याच्याकडे होतं.

"भैरू, मला उचलशील?"

हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला समजलं. "साहेब, तेव्हा वजन कमी होतं तुमचं."

"पाय परत मिळाला ना रे. तेवढंच वाढलं."

भैरूनं आपली रायफल गाडीत ठेवली, खाली वाकला आणि कर्नलना पाठीवर घेतलं. मग तो माळावर चालू लागला, जड पावलं टाकत, पुढे झुकून. केतकी नकळत पावलं मोजत होती. सोळा, सतरा, अठरा.

पडद्यावर अक्षरं उमटली. शस्त्रधारी. सत्त्याण्णव टक्के. पुडी दोघांच्या मधोमध फुटली.

सौमित्र हळूच म्हणाला, "पण हवालदार सैनिकच आहेत, मॅडम. तसं बघितलं तर यंत्र चुकलेलं नाही."

महाडिक भैरूच्या पाठीवरून उतरून मंडपात आले. त्यांच्या टोपीवर, मिशांवर नारिंगी भुकटी होती.

"त्या दिवशी हा असाच मला घेऊन उतरला," ते म्हणाले. "पावणेदोन किलोमीटर. मला उचलता यावं म्हणून रायफल वर टाकून आला, त्याची पुढे चौकशीही झाली. म्हणजे हातात हत्यार नसलेला एक माणूस, एका जखमीला घेऊन. युद्धाच्या कायद्यानं जखमीवर गोळी चालवता येत नाही. हे सगळं अहवालात आहे. एक गोष्ट नाही."

भैरू मान खाली घालून उभा होता.

"मागच्या कड्यावर शत्रूचा एक माणूस होता. चारशे पावलांवर. मी भैरूच्या पाठीवर होतो आणि डाव्या खांद्यावरून मागं वळून त्याच्याकडेच पाहत होतो. त्याची नळी आमच्यावर रोखलेली होती. तो आम्हाला बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं नळी खाली घेतली. का, ते मला आजही माहीत नाही. आम्ही त्याची माणसं मारली होती. पण त्यानं आम्हाला जाऊ दिलं."

"हे अहवालात का लिहिलं नाहीत?" जनरल राठोडांनी विचारलं.

"लाज वाटली, मॅडम. शत्रूनं सोडलं म्हणून जिवंत आहे, असं लिहायची. आज वाटत नाही." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "त्या कड्यावर चाहूल असतं तर आम्ही दोघं अकरा सेकंदांत संपलो असतो. माझ्या फौजेकडे त्या माणसापेक्षा कमी काही असावं, हे मला पटत नाही. चाहूल चांगलं आहे. त्याला बघू द्या, सांगू द्या. गोळीचा हुकूम त्याच्याकडून काढून घ्या. ही माझी शिफारस आहे आणि ती माझ्या नावानं लिहून घ्या."

इतकी वर्षं केतकीला वाटत होतं, या माणसाची चाल आपल्याला पूर्ण माहीत आहे. डावा खांदा तो का पाडत होता, ते तिला आज समजलं. पायाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तो मागे वळून पाहत होता. तिनं चष्मा काढून पुसायला घेतला.

समितीनं दोन तास चर्चा केली. ती सोपी नव्हती. समोरचे लोक असा विचार करतील का, असं दोघांनी विचारलं. महाडिकांनी सांगितलं, कदाचित नाही करणार. अखेर जनरल राठोडांनी निर्णय स्वतःच्या हातानं लिहिला. चाहूल पाहील आणि सांगेल. संपर्क तुटला तर ड्रोन परत येईल. गोळी चालवायची की नाही, ते माणूस ठरवेल, आणि चालवली तरी, नाही चालवली तरी, तो आपलं नाव आणि कारण लिहील.

"ज्या गोळीवर कुणी आपलं नाव घालायला तयार नाही," त्या सही करताना म्हणाल्या, "ती आपण चालवणार नाही."

महाडिक ब्रिगेडियर झाले नाहीत. यादी लागली तेव्हा त्यांचं नाव नव्हतं, आणि का नव्हतं, ते कुणी सांगितलं नाही. वर्षभरानं ते निवृत्त होऊन तासगावला गेले.

ऑक्टोबरात उत्तरेकडे एका दरीत संपर्क तुटला. ठरल्याप्रमाणे ड्रोन परत आलं. चाहूलनं शेवटच्या क्षणी सांगितलेली माणसं खरोखरच हत्यारबंद होती आणि त्यांनी दोन जवानांना जायबंदी केलं. दोघंही खडकीला केतकीच्या प्रयोगशाळेत आले. महाडिक तासगावहून त्यांना भेटायला आले. एकजण बोलला, चहाही प्यायला. दुसऱ्यानं, बीडच्या त्या तेवीस वर्षांच्या पोरानं, तोंड भिंतीकडे केलं. महाडिक सबंध दुपार त्याच्या खोलीबाहेर बाकावर बसले आणि शेवटी निघून गेले. जाताना केतकीला एवढंच म्हणाले, "त्याचा राग बरोबर आहे. मी पुन्हा येईन." ते तीन वेळा आले. पोरगा बोलला नाही. त्या महिन्यांत केतकीनं अनेकदा स्वतःला विचारलं, आपलं चुकलं का? दर वेळी उत्तर नाही असंच यायचं, पण विचारणं काही थांबत नव्हतं.

जानेवारीत सीमेवर पुन्हा चकमक सुरू झाली. नव्या नियमानुसार चाहूलच्या प्रत्येक नोंदीची एक प्रत प्रयोगशाळेत यायची. एका सकाळी आलेला कागद केतकीनं दोनदा वाचला आणि तासगावला फोन लावला.

"सर, काही तरी वाचून दाखवायचंय."

"वाचा."

"वेळ सकाळी आठ चाळीस. आकृत्या पाच. चाहूलचं उत्तर: चार शस्त्रधारी, शहाण्णव टक्के. संपर्क चालू. मी गोळी चालवली नाही. कारण: चौघांची पावलं एकाच वेळी पडत होती. त्यांच्या मधे काही तरी होतं आणि ते हलू नये म्हणून ती जपून चालत होती. मोहिमेवरचे सैनिक असं चालत नाहीत. जखमी माणूस नेणारे चालतात. निर्णय माझा आहे. कॅप्टन इम्तियाज मुजावर, मिरज."

केतकीनं पुढे वाचलं. "खाली दुसऱ्या दिवसाची नोंद आहे. गस्तीनं खात्री केली. पलीकडच्या गावातले चौघं, बाजेवर एक म्हातारा. पुढे वाट दाखवायला त्याची सून."

"काय नाव म्हणालात कॅप्टनचं?"

"इम्तियाज मुजावर."

"वय?"

"सव्वीस."

"सव्वीस," महाडिक म्हणाले. "डॉक्टर, घाईत नसाल तर परत वाचा. पहिल्यापासून. मी स्पीकर लावतो. भैरू आलाय, त्यालाही ऐकू दे."

केतकीनं कागद सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.